हरेल त्याने ओतायची

फळीवरून बाटली खाली काढल्यावर अदाउतोने शर्टाच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसली, तेव्हाच मला कळलं की हा आता ती ओतणार. ज्या माणसाने मला कधी त्या बाटलीला फडकं लावू दिलं नाही, तो आज स्वतः तिला पुसत होता. शनिवार होता आणि आमच्या बारचं दुकान गच्च भरलेलं होतं. सगळे निळ्या गणवेशातले, कारखान्यातून थेट आलेले. बाहेर फुटपाथवर सळयांवर मांस भाजत होतं आणि धूर आत येत होता. टेलिफोनचा रिसीव्हर गल्ल्याशेजारी आडवा पडला होता. अदाउतोने तो जागेवर ठेवलाच नव्हता, म्हणजे पलीकडे माँट्रियलमध्ये लाएर्सियो अजून कानाला फोन लावून उभा होता.

"जरा डोकं शांत ठेव," मी म्हणाले.

अदाउतोने डावा कान माझ्याकडे केला. विमानाच्या पत्र्यांत रिव्हेट मारून मारून त्याचा तो कान कामातून गेला होता, आणि जे ऐकायचं नसेल ते तो बरोबर त्याच कानाला द्यायचा.

त्या बाटलीचं सांगायचं तर लाएर्सियोचं आधी सांगावं लागेल. अदाउतो माझा नवरा आणि लाएर्सियो त्याचा जोडीदार. दोघे एकाच आठवड्यात विमानाच्या कारखान्यात लागले. तेव्हा कारखाना सरकारी होता आणि ब्राझीलमधल्या आमच्या साओ जोसे गावात धावपट्टीपेक्षा मुंग्यांची वारुळं जास्त होती. माझा नवरा आडवातिडवा गडी, म्हणून त्याच्या हातात हवेवर चालणारी बंदूक दिली. लाएर्सियो वाळक्या काटकीसारखा, म्हणून त्याला पंखाच्या पोटात घातलं. काम असं की बाहेरच्याने रिव्हेटवर बंदूक चालवायची आणि आतल्याने पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दोघांच्या मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि त्या आवाजात बोललेलं तर देवालासुद्धा ऐकू जाणार नाही. रिव्हेट नीट बसला की नाही हे फक्त आतल्याला दिसतं. म्हणून तो पत्र्यावर ठोकून सांगतो. एक ठोक म्हणजे अजून मार. दोन म्हणजे छान, पुढचा घे. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. बाहेरच्याने मारायचं आणि हात पत्र्याला लावून थांबायचं. आतला जे सांगेल ते मुकाट ऐकायचं.

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कुणाचं मुकाट ऐकलं असेल तर ते फक्त लाएर्सियोचं, आणि तेही मध्ये पत्रा होता म्हणून.

लाएर्सियोला ती सवय इतकी लागली होती की जेवायला आला तरी तोंडाने बोलायचा नाही. आमच्या गॅरेजमध्ये मी नुकताच हा छोटा बार काढला होता, आणि रविवारी तो आणि त्याची बायको नाईर भात-घेवडा खायला यायचे. एक ठोक दिली की मी वाढायचं. दोन दिल्या की माझी कॉलर ताठ. एकदा घेवड्यात मीठ जास्त पडलं तर पठ्ठ्याने टेबलावर तीन ठोकल्या. मी पण काही कमी नव्हते, ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बिचारा संध्याकाळपर्यंत उपाशी बसला होता. अदाउतो हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. त्यानेही एकदा टेबलावर ठोकून बघितलं, तेव्हा लाएर्सियो म्हणाला, "तुझा हात खाली घे. ठोकायचा हक्क आतल्याचा."

आमची रोझांजेला झाली तेव्हा बाप्तिस्म्याला लाएर्सियोनेच धर्मपिता म्हणून तिला हातात धरलं. तेव्हापासून ते दोघे एकमेकांचे कोंपाद्रे झाले आणि मी लाएर्सियोची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड असतं. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी भांडलं तर देवाला उत्तर द्यावं लागतं.

काय दिवस होते ते! नवं विमान पहिल्यांदा उडायचं त्या दिवशी सगळी गल्ली गच्चीवर जमायची. लाएर्सियो हात लांब करून सांगायचा, कोमाद्रे, तो डावा पंख आपला. मला सगळे पंख सारखेच दिसायचे, पण मी "हो हो, तोच" म्हणायचे. विमान डोंगरापलीकडे दिसेनासं झालं तरी दोघे बराच वेळ वर बघत उभे राहायचे. खाली उतरले की मानेला मी कापूर चोळायचे.

मग सरकारकडचा पैसा आटला, विमानं विकली जाईनात, आणि एका वर्षी कारखान्याने हजारो माणसं घरी बसवली. लाएर्सियो गेला, अदाउतो राहिला. हा का राहिला आणि तो का गेला, हे कुणालाच कळलं नाही. लाएर्सियोने काही दिवस फाटकासमोर उकडलेली कणसं विकली. त्याची कणसं घ्यायला अदाउतो रोज जायचा, आणि घरी आणून एकही खायचा नाही. तेवढ्यात कानावर आलं की कॅनडातला कारखाना रिव्हेटवाले शोधतोय. लाएर्सियो आणि नाईर गेले. विमानतळावर अदाउतोने त्याच्या पाठीवर दोन ठोकल्या. लाएर्सियोने एकच दिली. 

आणि मग नशीब बघा, नेमकं त्या दोन कारखान्यांचंच जुंपलं. दोघेही छोटी जेट विमानं बनवायचे, एकाच मापाची, आणि गिऱ्हाइकंही तीच. आमचं सरकार आमचं विमान घेणाऱ्याला व्याजात सूट द्यायचं. त्यांचं सरकार त्यांच्या कारखान्याला स्वस्तात पैसा पुरवायचं. आणि दोघेही जिनिव्हाला जागतिक व्यापाराच्या पंचांपुढे जाऊन, याने चोरी केली, याने चोरी केली, म्हणून बोंब ठोकायचे. मी मांसाच्या सळया विकणारी बाई. समोरची इरासेमा तिच्या नवऱ्याच्या पगारातून कोळसा आणून सळया स्वस्त विकायची, मी अदाउतोच्या पगारातून आणायचे, आणि आम्ही दोघी पाद्रीबाबांकडे जाऊन एकमेकींची चुगली करायचो. त्यामुळे जिनिव्हात काय चाललंय हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

या दोघांना मात्र तो खेळ झाला होता. दर रविवारी फोन. तुमच्या सरकारने तुमच्या गिऱ्हाइकाला फुकटात विमान दिलं म्हणे, असं तिकडून. तुमच्या सरकारने तुमच्या मालकाला चड्डीसुद्धा शिवून दिली म्हणे, असं इकडून. रोझांजेला म्हणायची, बाबा आणि काकांना पंच केलं तर भांडण कधीच संपणार नाही, पण मजा येईल. एका नाताळात लाएर्सियो आला तेव्हा त्याने कॅनडाची व्हिस्की आणली. सोनेरी झाकणाची, जाड काचेची. सगळ्या दुकानासमोर त्याने ती गल्ल्यावर ठेवली आणि पैज लावली. जिनिव्हाचा निकाल लागेल त्या दिवशी ही उघडायची, आणि ज्याचा देश हरेल त्याने दुसऱ्याला ओतून द्यायची. अदाउतोने बाटली उचलून वरच्या फळीवर, आपारेसिदाच्या माउलीच्या तसबिरीशेजारी ठेवली. तेव्हापासून माउलीला मी पुसायचे, पण बाटलीला हात लावायची सोय नव्हती.

तर तो शनिवार. फेब्रुवारीचा महिना, कार्निव्हल तोंडावर आलेला. आदल्या दिवशी बातमी आली होती की कॅनडाने आमचं गोमांस घ्यायचं बंद केलं. म्हणे आमच्या गाई त्या युरोपातल्या रोगाने वेड्या झाल्या असतील! आमच्या गाई, ज्यांना गवताशिवाय काही ठाऊक नाही. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळलं की हा विमानाचा राग गाईवर काढलाय. गोदीतल्या लोकांनी कॅनडाचा माल उतरवायचा नाही असं ठरवलं, आणि टीव्हीवर दाखवत होते की हॉटेलवाले कॅनडाची दारू गटारात ओततायत.

जिल्मार म्हणून एक होता, अदाउतोच्याच विभागातला, जिभेला हाड नसलेला. त्याने सळईचा तुकडा तोंडात टाकला आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाला की शत्रूचा माणूस इथे माउलीच्या मांडीला मांडी लावून बसलाय. सगळे हसले. अदाउतोही हसला. म्हणाला, ती माझ्या कोंपाद्रेची आहे, तिला पासपोर्ट लागत नाही. इथवर सगळं ठीक होतं. अजून थोडी बिअर पोटात गेली असती तर विषय बदलला असता.

तेवढ्यात फोन वाजला.

अदाउतोला ऐकू यावं म्हणून त्या फोनचा आवाज आम्ही वाढवून घेतला होता. फोनवरचं बोलणं दुकानभर ऐकू जायचं. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती, लाएर्सियोला नव्हती. अदाउतो "कोंपाद्रे" म्हणाला आणि पलीकडून आवाज आला, खणखणीत, "काय रे, अजून हंबरायला नाही ना लागलास?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी अदाउतो फोनवर हंबरला असता. त्याला छान हंबरता येतं. पण त्या दिवशी सगळ्या दुकानाच्या माना वळल्या होत्या. जिल्मारने सळई खाली ठेवली. इतकी शांतता झाली की बाहेर निखाऱ्यावर चरबी चरचरत होती तीसुद्धा ऐकू येत होती.

"इथे सगळे ऐकतायत," अदाउतो म्हणाला.

"ऐकू दे की. त्यांनाही विचार."

त्याने रिसीव्हर गल्ल्यावर ठेवला. बाटली काढली, पुसली. सगळे त्याच्यामागे फुटपाथवर गेले. मी गेले नाही, मला दारातूनच दिसत होतं. झाकण मुरगळायला त्याला वेळ लागला. मग त्याने गटाराच्या जाळीवर बाटली उपडी केली. घळघळ आवाज आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी देशाच्या नावाने घोषणा दिली. अदाउतो ओतताना बाटलीकडे बघत नव्हता. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

मी रिसीव्हर उचलला. फोन चालूच होता.

"लाएर्सियो?"

"ओतली का गं?" त्याने विचारलं.

"ओतली," मी म्हणाले. खोटं काय सांगणार, त्याने ऐकलंच होतं.

फोन बंद झाला.

अदाउतो परत आला तेव्हा रिकामी बाटली त्याच्या हातात होती. मोरीत नेऊन त्याने ती पाण्याने विसळली, झाकण लावलं आणि परत माउलीशेजारी ठेवून दिली. जिल्मार म्हणाला, वा, विजयाची ढाल! ढाल अशी हळूच ठेवत नाहीत.

कार्निव्हलच्या आधीच कॅनडाने बंदी उठवली. गाई शहाण्या निघाल्या. गोदीत माल उतरायला लागला, हॉटेलांत परत ती दारू आली. एका आमच्या घरचंच काही पूर्ववत झालं नाही. रविवारी फोन वाजेना. अदाउतो फोनशेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचा, तेच पान परत परत.

आम्ही बायकांनी मात्र जिनिव्हाला न जाता तह केला होता. नाईर दुपारी फोन करायची, तो कामावर असताना, हा कामावर असताना. तिने मला सांगितलं की त्या आठवड्यात तिकडच्या कारखान्यात लाएर्सियोच्या कपाटावर कुणीतरी गाईचं चित्र चिकटवलं होतं. जेवायला त्याच्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. ब्राझीलचा हेर म्हणायचे त्याला. इतकी वर्षं त्यांचे पंख त्याने सांधले आणि एका गाईपायी तो हेर झाला. शनिवारी उठून म्हणाला, कोंपाद्रेला फोन लावतो, तो काहीतरी आचरट बोलेल आणि मला जरा हसू येईल.

त्याच संध्याकाळी मी अदाउतोला सगळं सांगितलं, गाईचं चित्र, टेबल, हेर, सगळं. तो बूट काढत बसला होता आणि त्याचा डावा कान माझ्याकडे होता. मी विचारलं, ऐकलंस का? तो म्हणाला, उद्या कोळसा आणायला हवा.

मग जिनिव्हाचा निकाल लागला. गंमत म्हणजे दोघेही हरले. पंचांनी सांगितलं, तुमचंही चूक आणि त्यांचंही चूक. बाटली भरलेली असती तर ओतायची कुणी, यावरून दोघांनी आणखी दहा वर्षं भांडण काढलं असतं. त्या रात्री अदाउतो जेवताना मला म्हणाला, "दोघंही हरले, ऐकलंस?" आणि एवढं बोलून त्याने फोनकडे बघितलं. मी म्हटलं, लाव ना. त्याने ताट बाजूला सारलं.

लाएर्सियो मध्ये एकदा आला होता, त्याची आई गेली तेव्हा. चर्चमध्ये तो डावीकडच्या बाकावर, आम्ही उजवीकडच्या. अदाउतोने म्हातारीच्या पेटीला खांदा दिला, पुढच्या बाजूला. लाएर्सियो मागच्या बाजूला होता. दोघांच्या मध्ये पेटी. बाहेर आल्यावर हा सरळ बस धरून घरी आला. म्हातारीने याला पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं होतं, आणि हा तिच्या लेकाशी एक शब्द बोलला नाही. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. म्हटलं, राहा उपाशी.

वर्षं गेली ती कळली नाहीत. अदाउतो निवृत्त झाला, त्याचा उजवा कानही मंदावला. रोझांजेलाची मुलं शाळेत जायला लागली. ज्या छोट्या विमानावरून एवढं रामायण झालं, त्याचा सगळा धंदाच कॅनडावाल्यांनी जपान्यांना विकून टाकला. आमचा कारखाना अमेरिकेवाले घेणार होते, ते ऐन वेळी नको म्हणाले. आता भांडायलासुद्धा कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. फक्त आमच्या फळीवर ती रिकामी बाटली होती, आणि अदाउतो आता तिची धूळ स्वतः पुसायला लागला होता.

मागच्या जूनमध्ये नाईरचा फोन आला. लाएर्सियो येतोय, आईचं घर विकून टाकायला. त्याचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, या खेपेला जाऊन या, पण परत आल्यावर पुन्हा विमानात बसायचं नाही. सगळा जन्म विमानं सांधण्यात गेला आणि आता विमानच बंद. "झुल्मिरा," नाईर मला म्हणाली, "मंगळवारी तो तुमच्याकडे येईल. मी त्याला नको म्हणत होते. त्याला दारातून परत पाठवलं तर मला सहन व्हायचं नाही गं."

मी अदाउतोच्या उजव्या कानाशी जाऊन सगळं ओरडून सांगितलं. शेवटची खेप आहे, हेही सांगितलं. शेजारच्या गल्लीतसुद्धा ऐकू गेलं असेल.

"मंगळवारी दुकान बंद आहे," तो म्हणाला.

"मंगळवारी कधी बंद असतं?"

"या मंगळवारी."

आणि खरंच, मंगळवारी जेवण झाल्यावर त्याने स्वतः शटर खाली ओढलं. खुर्ची ओढून आणली, शटरला टेकवली आणि पाठ लावून बसला, म्हणजे कुणी बाहेरून उचलायला नको. घराचं दार बाजूला होतं, किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती. मी खिशात हात घालून उभी राहिले. म्हटलं, जाऊन उघडावं. पण हा आत असा बसलेला असताना त्याला आत आणून त्याचा अपमान करण्यात काय अर्थ होता? बेल वाजली. अदाउतोला ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. मग बाहेरून लाएर्सियोचा आवाज आला, बारीक झालेला, "कोंपाद्रे!" तेही त्याला ऐकू गेलं नाही. समोरून इरासेमा ओरडली की ते घरातच आहेत, जोरात हाका मारा.

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, गेला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि शटरवर बोटांची पेरं आपटली, भराभर, न थांबता, बंदूक चालल्यासारखी. आणि एकदम थांबली.

अदाउतो खुर्चीत ताठ झाला. त्याला ऐकू आलं नव्हतं, त्याच्या पाठीला कळलं होतं. तो उठला, खुर्ची बाजूला केली आणि शटरला तळहात लावून उभा राहिला. बाहेर लाएर्सियोने मारलं होतं आणि तो थांबला होता. आतला सांगेपर्यंत पुढे जायचं नसतं. सगळ्या जन्मात माझा नवरा बाहेर उभा राहून त्या एकाच माणसाची वाट बघत आला होता. आज हा आत होता आणि तो बाहेर.

त्याने मूठ वळली. मी मनात म्हटलं, माउली, तीन नको. याच्या हातून तीन नको.

अदाउतोने एक ठोक दिली.

मग पुन्हा ती पेरं, आधीपेक्षा जोरात. थांबली. याने पुन्हा एक दिली. पुन्हा बंदूक चालली. पुन्हा एक. बाहेर म्हाताऱ्याला धाप लागलेली मला ऐकू येत होती, आणि हा मात्र पत्र्याला गाल टेकून उभा, डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळतंय.

"दोन देऊन टाक की मेल्या," मी त्याच्या उजव्या कानात ओरडले. "हृदयाचा पेशंट आहे तो!"

"अजून बसला नाही," अदाउतो म्हणाला, आणि खाली वाकून शटरला हात घातला. बाहेरूनही दोन हात आत आले. शटर दोघांनी मिळून वर केलं. त्या घटकेला ते एकट्या कुणाच्यानेच झालं नसतं.

लाएर्सियो अजून वाळला होता. दोन्ही कानांत यंत्रं, अंगात जाड स्वेटर, पेरं लाल झालेली. त्याने दुकान डोळे भरून बघितलं. मग अदाउतोकडे बघून म्हणाला, "तू आतलं काम कधीपासून करायला लागलास?"

"सोपं असतं. मला आधीपासून शंका होतीच," अदाउतो म्हणाला. "नुसतं ठोकायचं आणि दुसऱ्याला राबवायचं."

मिठ्या वगैरे काही मारल्या नाहीत. गल्ल्याजवळच्या स्टुलांवर बसले. दोघेही बहिरे, त्यामुळे बोलणं ओरडून चाललं होतं आणि अर्धी गल्ली सामील होती. लाएर्सियो म्हणाला, त्या दिवशी फोन केला तेव्हा माझ्या मनात तसं काही नव्हतं, तिकडे माझ्या कपाटावर…

"गाईचं चित्र," अदाउतो म्हणाला. "माहीत आहे. झुल्मिराने सांगितलं होतं."

मी कमरेवर हात ठेवले. "तुला ऐकू आलं होतं? डाव्या कानाने?"

"थोडं थोडं येतं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

इतकी वर्षं! मी त्या कानात काय काय बोलले होते ते आठवून मला घाम फुटला. पण ते नंतर बघून घेईन म्हटलं.

मी उसाची दारू काढली. लाएर्सियोने हात आडवा केला. डॉक्टरने थेंबभरही नाही म्हटलंय. कॉफीसुद्धा बंद. मग मी नुसतेच दोन पेले पुसून त्यांच्यासमोर ठेवले, पाणी तरी देऊ म्हणून. तेव्हा लाएर्सियोचं लक्ष फळीकडे गेलं.

"ठेवलीस?"

अदाउतोने बाटली खाली काढली. सवयीने बाहीने पुसली. झाकण उघडून लाएर्सियोच्या पेल्यावर ती तिरकी धरली, सावकाश, भरलेल्या बाटलीचं वजन हाताला लागतंय अशी. लाएर्सियो पेल्याकडे बघत होता. नेमक्या जागी त्याने बोट आडवं धरलं, "बास, बास." मग बाटली आपल्या हातात घेतली आणि अदाउतोच्या पेल्यात ओतली. अदाउतोने बोट आडवं केलं नाही. त्याने काठोकाठ भरून घेतला.

"दोघंही हरलो," लाएर्सियो म्हणाला.

दोघांनी पेले उचलून घेतले. अदाउतोने डोळे मिटून घोट गिळला आणि तोंड जरासं वाकडं केलं. लाएर्सियोने पेला खाली ठेवला आणि गल्ल्यावर दोन ठोकल्या.

दिवे लागायच्या आत टॅक्सी आली. तो गेल्यावर अदाउतो फुटपाथवर, गटाराच्या जाळीजवळ उभा राहून वर बघत राहिला. आकाशात काहीही नव्हतं. मी आत येऊन दोन्ही पेले धुवायला घेतले. धुण्यासारखं त्यांत काही नव्हतं. तरी साबण लावला, विसळले आणि पालथे घातले.